'व्हॅनिटी फेअर' वाचताना शेजारी ठेवायची वही

बडोद्यात चार-सहा जणांनी मिळून विल्यम मेकपीस थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' वाचायला घेतली, तर दोन वस्तू आधी जमवाव्यात: चित्रांसकट छापलेली प्रत आणि एक दोनशेपानी वही. कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचायची आणि वहीत पात्रांचा जमाखर्च मांडत जायचं. ही कादंबरी समाजातल्या पोकळ बडेजावाविषयी आहे, हे सगळे सांगतात. पण त्या बडेजावाचे पैसे कोणी भरले, हे थॅकरे जागोजागी आकड्यांत लिहून ठेवतो. ते आकडे ओलांडून वाचलं की हाती फक्त बेकी शार्पच्या, म्हणजे गरिबीतून वर चढू पाहणाऱ्या नायिकेच्या, करामती लागतात. आकडे धरून वाचलं की ज्यांचे पैसे बुडाले ते रॅगल्स, ब्रिग्ज आणि म्हातारा सेडली दिसू लागतात. माझ्या मते खरी कादंबरी त्यांच्यापाशी आहे.

आधी हप्त्यांचं. जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ या काळात ही कादंबरी दर महिन्याला एक शिलिंगाच्या, पिवळ्या वेष्टनाच्या अंकांत निघाली. प्रकाशक ब्रॅडबरी अँड इव्हान्स. प्रत्येक अंक ३२ पानांचा, सोबत थॅकरेने स्वतः काढलेली दोन पानभर चित्रं. एकूण २० भाग, पण शेवटचे दोन एकाच जोडअंकात, म्हणून अंक १९. प्रकरणं ६७. त्यांची विभागणी प्रतीत पेन्सिलीने खुणा करून ठेवावी, कारण आजच्या बहुतेक प्रतींत ती दिसत नाही: १ ते ४, ५ ते ७, ८ ते ११, १२ ते १४, १५ ते १८, १९ ते २२, २३ ते २५, २६ ते २९, ३० ते ३२, ३३ ते ३५, ३६ ते ३८, ३९ ते ४२, ४३ ते ४६, ४७ ते ५०, ५१ ते ५३, ५४ ते ५६, ५७ ते ६०, ६१ ते ६३ आणि शेवटी ६४ ते ६७.

या खुणा केल्या की थॅकरेची बांधणी लगेच उघडी पडते. चौथा अंक चौदाव्या प्रकरणाशी संपतो: म्हातारा सर पिट क्रॉली गुडघे टेकून बेकीला मागणी घालतो आणि ती रडत सांगते की आपलं लग्न आधीच झालं आहे. कोणाशी, ते कळायला १८४७ च्या वाचकाला महिनाभर थांबावं लागलं. नववा अंक संपतो तो वॉटर्लूवर. जॉर्ज ऑसबोर्न छातीत गोळी लागून पालथा पडला आहे आणि तिकडे त्याची बायको अमेलिया, म्हणजे सेडलीची मुलगी, त्याच्यासाठी प्रार्थना करते आहे, हे एकाच वाक्यात. पंधरावा अंक संपतो तो त्रेपन्नाव्या प्रकरणावर, म्हणजे बेकीचा नवरा रॉडन घरी परततो आणि लॉर्ड स्टेन या बड्या उमरावाला बेकीबरोबर पाहतो त्या रात्रीवर. सलग वाचताना यातलं निम्मं बळ निसटतं, कारण पुढचं पान उलटायला कोणी अडवत नाही. म्हणून बैठकीचा एकच नियम कडक पाळावा: ठरलेल्या अंकापुढे कोणी वाचायचं नाही.

एक अंक आजच्या छापील प्रतीत साधारण चाळीस पानांचा होतो. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी सवयीचं नसेल तर सावकाश वाचायला तीन तास धरा. दर पंधरा दिवसांनी एक बैठक ठेवली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली, तर नववा अंक सप्टेंबरच्या शेवटी येतो. बडोद्यात हे गणित महत्त्वाचं आहे. नवरात्रात रात्री बैठकीला माणूस मिळत नाही, आणि त्यानंतर दिवाळी. वॉटर्लूचा अंक नवरात्राच्या आधी वाचून संपवावा आणि तिथेच मोठी सुट्टी घ्यावी. कथेतही तिथे तसाच खंड आहे. दिवाळीनंतर दहाव्या अंकापासून पुन्हा बसलं की मार्चअखेर पुस्तक संपतं. ज्या वर्षी नवरात्र लवकर येतं, त्या वर्षी मेमध्येच पहिली बैठक घ्यावी.

प्रतीविषयी आग्रह धरतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये. संक्षेप करणारा आधी निवेदकाचे शेरे कापतो, मग पैशांचे तपशील, आणि उरतं ते कथानक. चित्रं नसलेली प्रतही शक्यतो टाळावी. १८५३ ची स्वस्त आवृत्ती चित्रांविना निघाली आणि पुढच्या अनेक छपाया तशाच झाल्या. थॅकरेची चित्रं ही सजावट नाही, मजकुराचा भाग आहे. १८३६ मध्ये त्याने डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'ची चित्रं काढण्याचं काम मागितलं होतं आणि ते त्याला मिळालं नाही. इथे लेखक आणि चित्रकार एकच असल्याने जे शब्दांत सांगायचं टाळलं ते त्याने चित्रात ठेवलं. प्रकरणाच्या पहिल्या अक्षराभोवतीची छोटी चित्रंसुद्धा पाहावीत. जुन्या सचित्र प्रतींचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर मोफत मिळतात. मोबाइलवर ती चित्रं वाया जातात, पानं छापून घ्यावीत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाणाऱ्यांनी तिथे जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या कपाटात जरूर शोधावं. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून उभी केलेली ही व्यवस्था अशाच वाचनासाठी आहे.

नावांचा गोंधळ पहिल्या महिन्यातच होतो. सर पिट क्रॉली नावाचा बाप आणि पिट नावाचा मुलगा, जो पुढे स्वतः सर पिट होतो. रॉडन आणि त्याचा मुलगा रॉडन. जॉर्ज ऑसबोर्न आणि त्याचा मुलगा जॉर्जी. वहीच्या पहिल्या पानावर सेडली, ऑसबोर्न आणि क्रॉली अशा तीन वंशावळी काढाव्यात, आणि बोलताना सरळ थोरले पिट, धाकटे पिट म्हणावं. आपण पेशवाईतले दोन माधवराव असेच वेगळे ठेवतो.

आता काळ. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ ची. त्याच वर्षी जुलैमध्ये, म्हणजे जेमतेम महिनाभरात, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. ते पुण्याला गेले होते ते पेशवे आणि गायकवाड यांच्यातल्या जुन्या देण्याघेण्याचा हिशेब मिटवायला. ही एक तारीख लक्षात ठेवली की अमेलियाचा काळ बडोद्याच्या माणसाला परका वाटत नाही. इकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या हमीवर दरबाराची कर्जं फिरत होती आणि तिकडे त्याच कंपनीच्या नोकरांनी नेलेल्या पैशावर लंडनमध्ये घरं उभी राहत होती.

थॅकरेला ही दुसरी बाजू घरातूनच माहीत होती. त्याचा जन्म कलकत्त्याचा, १८ जुलै १८११ चा. वडील रिचमंड थॅकरे कंपनीच्या महसुली खात्यात होते, ते १८१५ मध्येच वारले. मुलाला पाच वर्षांचा असताना विलायतेला पाठवून दिलं. मोठेपणी वडिलोपार्जित पैसा हातात आला तो काही जुगारात गेला आणि काही कलकत्त्यातल्या व्यापारी पेढ्या बुडाल्या त्यात. पेढी बुडणं म्हणजे काय, हे या माणसाला ऐकून नव्हे, सोसून ठाऊक होतं.

म्हणून वही. रकाने पाच करावेत: प्रकरण, रक्कम, कोणी घेतली, कोणी दिली आणि शेवटी कोणाची बुडाली. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवावा. नाणी अशी: १२ पेनींचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड, आणि गिनी म्हणजे २१ शिलिंग. आजच्या रुपयांत रूपांतर करत बसू नये. त्यातून मोठे आकडे निघतात, समज काही वाढत नाही. कादंबरीतलीच मापं वापरावीत. दिवाळं निघालेल्या सेडली कुटुंबाला मुलगा जॉस वर्षाला १२० पौंड देतो, त्यात म्हातारा-म्हातारी आणि विधवा मुलगी कशीबशी जगतात. बेकी एक्केचाळिसाव्या प्रकरणात म्हणते की वर्षाला पाच हजार पौंड मिळाले तर आपणही सद्गुणी बाई होऊ. थोरल्या पिटची बहीण मिस क्रॉली, तिच्याकडे सत्तर हजार आहेत, आणि दोन्ही भावांचं प्रेम त्या रकमेवर आहे. या तीन पट्ट्या हाताशी असल्या की उरलेला प्रत्येक आकडा बोलतो.

सेडलींचं दिवाळं नेमकं का निघतं, हे पहिल्या वाचनात सुटून जातं. मार्च १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून परतला, रोख्यांचे भाव कोसळले, आणि त्यात म्हातारा बुडाला. त्याला सगळ्यात कठोरपणे वागवतो तो जॉर्जचा बाप ऑसबोर्न, ज्याला सेडलीनेच धंद्यात उभं केलं होतं. थॅकरे इथे मानवी स्वभावाचं एक बारीक सूत्र मांडतो: ज्याचे उपकार घेतले त्याचा हात सोडायचा असेल तर आधी त्याला लबाड ठरवावं लागतं. सतराव्या प्रकरणात घराचा लिलाव होतो आणि अमेलियाचा छोटा पियानो २५ गिनींना जातो. तो जॉर्जचा मित्र डॉबिन याने घेऊन तिच्याकडे पाठवला, ती समजते जॉर्जने. वहीत ही नोंद लाल शाईने करावी. ती चुकीची समजूत थेट एकोणसाठाव्या प्रकरणापर्यंत टिकते.

त्याच घरातली दुसरी नोंद मला सगळ्यात जड जाते. डॉबिनने हिंदुस्थानातून पाठवलेली शाल अमेलिया २० गिनींना विकते आणि मुलासाठी पुस्तकं आणते. घरात खायला पुरत नाही आणि तू पुस्तकं आणतेस, म्हणून आई तोंड सोडते. पुढे कळतं की म्हाताऱ्याने नव्या धंद्याच्या नादात जॉसकडून येणारे १२० पौंडही गहाण टाकले आहेत. मग मुलगा आजोबा ऑसबोर्नकडे जातो. इथे 'कोणाची बुडाली' या रकान्यात रक्कम लिहिताच येत नाही.

आता बेकी आणि रॉडन. तिसाव्या प्रकरणात लढाईला निघण्यापूर्वी रॉडन आपल्या चीजवस्तूंची यादी करतो: दुनळी बंदूक ४० गिनी, अस्तर लावलेला झगा ५० पौंड, द्वंद्वयुद्धाची पिस्तुलं २० पौंड. आणि स्वतः जुनाच गणवेश चढवतो, म्हणजे आपण पडलो तर नवा तिला विकता येईल. हे पान मोठ्याने वाचावं. अडाणी, कर्जबाजारी, पत्ते खेळणारा हा माणूस इथे पहिल्यांदा मोठा होतो, आणि तेही हिशेबाच्या यादीतून. तो गेल्यावर बेकी समाधानाने झोपते आणि उठल्यावर आपलीही यादी करते. दोन याद्या समोरासमोरच्या पानांवर उतरवाव्यात. पुढे ब्रसेल्समध्ये पळापळ सुरू होते, तेव्हा तीच बेकी घाबरलेल्या जॉसला दोन घोडे अव्वाच्या सव्वा किमतीला विकते.

छत्तिसाव्या आणि सदतिसाव्या प्रकरणांसाठी एक अख्खी बैठक राखून ठेवा. वर्षाला शून्य उत्पन्नावर थाटात कसं राहायचं, हा त्यांचा विषय. आधी बेकी पॅरिसहून लंडनला येते आणि रॉडनच्या सावकारांशी तडजोड करते: दीड हजार पौंड रोख देऊन त्याच्या दहापटीहून जास्त कर्ज मिटवते. पेढीचा व्यवहार जाणणाऱ्याला हे लगेच समजतं. बुडीत खात्यातून रुपयामागे आणा मिळाला तरी सावकार घेतो. बडोद्यात हरिभक्तींसारख्या पेढ्यांच्या कथा ऐकत वाढलेल्या घरांत या प्रकरणावर तासभर चर्चा सहज होते. मग मेफेअरमधलं २०१, कर्झन स्ट्रीट हे घर. मालक रॅगल्स हा मिस क्रॉलीचा जुना बटलर. आयुष्यभराची बचत त्याने त्या घरात घातली. क्रॉली घराण्याचा माणूस म्हणून त्याने रॉडनला घर दिलं, सामान पुरवलं, उधारी वाढू दिली. रॉडनच्या मेजवान्यांचा खर्च त्याच्या खात्यावर, आणि शेवटी तुरुंगात तो. ज्यांचे पैसे थकले त्या इतरांचीही यादी थॅकरे देतो. मोठं घर कोसळलं की ढिगाऱ्याखाली कोण सापडतं, हे त्याला दाखवायचं आहे.

ब्रिग्जबाईंची नोंद विसरू नये. या सोबतीणबाईंचे पैसे बेकीने उसने घेतले आहेत. स्टेन ते फेडायला तयार होतो, तेव्हा बेकी खऱ्या कर्जाच्या जवळजवळ दुप्पट आकडा सांगते. त्याच अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात तिची राजदरबारी पेशी होते, अंगावर कुठून कुठून आलेली जर, लेस आणि हिरे. दरबारात पेश होणं म्हणजे काय, हे बडोद्यात समजावून सांगावं लागत नाही. २१ तोफांच्या सलामीचं संस्थान, खानगी खातं, कोणाची खुर्ची कोणाच्या पुढे, हे सगळं इथल्या जुन्या घरांच्या बोलण्यात अजून आहे. म्हणून इथे विचारायचा प्रश्न एवढाच: हिऱ्यांची पावती कोणाच्या नावावर फाटली? धाकट्या पिटने दिलेला दागिना त्याच्या बायकोला माहीत आहे का?

आणि मग त्रेपन्नावं प्रकरण. रॉडन सुमारे १६६ पौंडांच्या देण्यापायी अडकला आहे. बेकी चिठ्ठी पाठवते की मी आजारी आहे, पैसे जमत नाहीत. भावजय लेडी जेन येऊन त्याला सोडवते. घरी स्टेन आहे, आणि बेकीच्या पेटीत हजार पौंडांची नोट. वहीत १६६ आणि १००० एकाखाली एक लिहावेत. बेकी दोषी होती की नव्हती, असा प्रश्न निवेदक तिथे विचारतो आणि उत्तर देत नाही. पुष्कळ वाचक यावर वाद घालत बसतात. पण ती वजाबाकी एवढी स्पष्ट आहे की रॉडनला निकालासाठी दुसरं काही लागत नाही.

हिंदुस्थानविषयीच्या जागा वेगळ्या काढून ठेवाव्यात. जॉस हा बोगली वाला नावाच्या काल्पनिक, दलदलीच्या जिल्ह्याचा कलेक्टर. मॅजिस्ट्रेटचं ठाणं चाळीस मैलांवर. तिसऱ्या प्रकरणात आईने त्याच्यासाठी केलेली करी बेकी खाते, तोंड भाजतं, आणि 'चिली' हे नाव ऐकून थंड असेल म्हणून मिरची उचलते. हा शब्दखेळ इंग्रजीतच आहे, भाषांतरात तो हमखास मरतो. मिस स्वार्ट्झ या श्रीमंत मिश्रवंशीय मुलीचं चित्रण मात्र वाईट आहे, आजही टोचतं. ते गाळू नये आणि सावरूही नये. थोरला ऑसबोर्न तिला सून करून घ्यायला निघतो तो तिच्या पैशासाठी, हे वहीत यायलाच हवं.

वाचक गळतात कुठे? पहिली जागा तिसरा अंक. क्वीन्स क्रॉली हे क्रॉलींचं खेड्यातलं घर, बेकीची लांब पत्रं, काही घडत नाही असं वाटतं. आठवं प्रकरण एकाने मोठ्याने वाचावं, पत्र असल्याने ते कानाला सोपं जातं. दुसरी जागा त्रेसष्टाव्या प्रकरणाच्या आसपास, पुंपरनिकेल या काल्पनिक जर्मन संस्थानात. तिथे मजकूर खरोखर सैल आहे. महिन्याला ३२ पानं भरायचीच होती, त्याचा ताण दिसतो. ती पानं भराभर वाचली तरी चालतील. फक्त निवेदक तिथे स्वतः हजर राहून या मंडळींना पाहिल्याचं सांगतो, ते चुकवू नये.

या निवेदकाला मराठी वाचक लवकर ओळखतो. सुरुवातीच्या छोट्या प्रस्तावनेत तो कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा सूत्रधार म्हणून पडद्यापुढे येतो, आणि शेवटी मुलांना सांगतो की आता बाहुल्या पेटीत ठेवा. मध्ये मध्ये कथा थांबवून कीर्तनकारासारखा श्रोत्यांना हटकतो. अंकांच्या वेष्टनावरच्या चित्रात उपदेशकाच्या डोक्यावर विदूषकाची टोपी आहे आणि समोरच्या श्रोत्यांचेही कान लांब आहेत. त्याचा प्रत्येक शेरा थॅकरेचं मत समजू नये. तो कधी खोटं बोलतो, कधी ऐकीव सांगतो.

नावाचा अर्थ बैठकीत हमखास निघतो. ते बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या १६७८ च्या ग्रंथातल्या बाजाराचं नाव, जिथे घरं, जमिनी, किताब सगळं विकायला असतं. तोच ग्रंथ हरी केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' म्हणून मराठीत आणला, थॅकरेच्या पहिल्या अंकाच्या सहा वर्षं आधी. 'व्हॅनिटी'मध्ये व्यर्थपणाही आहे आणि मिरवणंही. मराठीत एका शब्दात दोन्ही येत नाहीत. 'मिरवण्याची जत्रा' म्हटलं तर मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण जत्रेत विकणारेही आले आणि पाळण्यात बसणारेही.

शेवटच्या बैठकीला सदुसष्टाव्या प्रकरणाचं चित्र समोर ठेवा. डॉबिन जॉसला बेकीपासून दूर हो म्हणून विनवतो आहे आणि बेकी पडद्याआड उभी आहे. चित्राखाली लिहिलं आहे की ही तिची क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेतली दुसरी वेळ. पहिली एक्कावन्नाव्या प्रकरणातल्या नाट्यखेळात होती, आणि क्लायटेम्नेस्ट्रा ही नवऱ्याला मारणारी राणी. मजकुरात एवढंच आहे की तीन महिन्यांनी जॉस मेला, त्याचा दोन हजार पौंडांचा विमा होता, आणि विमा कंपनीच्या वकिलाने इतकं संशयास्पद प्रकरण पाहिलं नसल्याचं सांगितलं. बेकीच्या वकिलांची नावं बर्क, थर्टेल आणि हेज. ही तिन्ही नावं गाजलेल्या खुन्यांची. त्यानंतर वहीत एकच नोंद करायची राहते. रॅगल्सच्या नावापुढची बाकी शोधा, आणि ती कुठल्या प्रकरणात फिटली ते पाहा. फिटलेली सापडणार नाही. ती ओळ तशीच ठेवून वही मिटा.